पाहुणं पाणी

विहिरीत लोखंडी फीत सोडायच्या आधी ते तिच्या टोकाला खडू चोळायचे. फीत वर आली की खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. आकडा वहीत लिहायचे, मग कठड्यावर वाकून बराच वेळ आत बघायचे आणि म्हणायचे, "आकडा झाला. आता पाणी कसं हाय ते लिव्हतो."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीतून ते महिन्यातून एकदा आमची विहीर मोजायला यायचे. आम्ही बायांनी साहेब म्हटलं की हसायचे. "साहेब लातूरला बसतेत. मी फीतवाला."

वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना होता. बाकीचे लोक तो रिकामा सोडतात, तुम्हीही पाहिलं असेल. या फीतवाल्यांनी एकदा लिहिलं, 'पाणी आज म्हाताऱ्याच्या डोळ्यागत.' वाचून दाखवलं तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले. मग वाकून पाहिलं तर तसंच होतं, बारीक आणि गढूळ. हसू गेलं, भीती बसली. असल्या ओळींवरून वरच्या साहेबांनी त्यांना बदलीचा दम दिला होता, हे त्यांनीच सांगितलं.

पुढे विहीर आटली. टँकर येऊन सगळं पाणी विहिरीतच ओतायचा, मग आम्ही ते शेंदायचो. एकदा टँकर गेला आणि मागोमाग फीतवाले आले. फीत चांगली भिजून वर आली. आम्ही साऱ्याजणी वहीकडे बघायला लागलो. हा आकडा लातूरला गेला की टँकर बंद.

एक म्हातारी म्हणाली, "बाबा, मागचाच आकडा लिव्ह की."

"मोजलं ते लिव्हावंच लागतंय, मावशी."

घामानं खडू त्यांच्या बोटांना चिकटला होता. त्यांनी आकडा लिहिला. मग शेरा लिहून वाचून दाखवला, "हे पाणी पाहुणं आहे. मुक्कामाला नाही."

टँकर येत राहिला. ते पुन्हा आले नाहीत.

पुढच्या महिन्यात दुसराच माणूस आला. तेव्हाही टँकर नुकताच रिकामा झाला होता. त्यानं आकडा लिहिला आणि वही मिटू लागला. परक्या माणसाशी मी कधी बोलत नाही. त्या दिवशी कशीबशी बोलले, "साहेब, हे पाणी पाहुणं हाय."

"म्हंजे?"

मी टँकरच्या चाकांच्या ओल्या खुणांकडे बोट केलं. त्यानं मान हलवली, वही उघडून शेऱ्यात लिहिलं. मी चौथी शिकलेली. समोरून, उलट्या बाजूनं, अक्षर अक्षर लावून वाचलं.

'टँकरचे पाणी.'

बरोबर होतं. टँकर बंद होणार नव्हता. तो माणूस निघून गेला, बायाही घागरी भरून गेल्या. मी कठड्यावर वाकून बराच वेळ आत बघत राहिले.