तात्यांची गाडी ब्रशाखालून गेली

गेणबा तात्या माझे घरमालक. कासार आंबोलीत त्यांच्या घरावरच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको किमया चार वर्षं भाड्याने राहतोय. मी मूळचा लातूरचा, नोकरी हिंजवडीला, आणि कुणी न विचारता सल्ला द्यायची खोड जन्मापासूनची.

तात्या पौड रस्त्यावरच्या दिग्विजयच्या वॉशिंग सेंटरवर गाड्या धुतात. घरात खायला भात होता, पण माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. गाडी धुण्याची त्यांची रीत बैल धुण्याची. आधी भरपूर पाणी ओतायचं, मग थांबायचं. चिखल आपणहून सुटला की मगच हात लावायचा, तोही वरून खाली. "सुकं घासलं की माती कातडं सोलती," म्हणायचे. कुणी घाई केली तर गाडी तशीच ओली सोडून चहाला निघून जायचे. बंगलेवाले त्यांच्यासाठी तासभर थांबत आणि वर शिव्याही खात.

हे सगळं त्यांची बायको रत्नाबाई असतानाचं. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला त्यांनी घरच्या पांढऱ्या गाडीची पूजा केली आणि बॉनेटवर तुपात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्याचा एक पाय आखूड आला. "लंगडं झालं की गं," तात्या म्हणाले. "तुमच्या गाडीला तेच शोभतंय," बाई म्हणाल्या. दिवाळी होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच त्या झोपेतच गेल्या.

तेव्हापासून तात्यांच्या शिव्या बंद झाल्या. काहीही विचारा, "चालतंय" एवढंच. भाजीत मीठ नसलं तरी चालतंय, कुणी रांग मोडून गाडी घातली तरी चालतंय. फक्त सोमवारी, सेंटर बंद असताना, ते स्वतःची गाडी धूत आणि त्या स्वस्तिकाच्या कडेकडेने फडकं फिरवत. पावसाळाभर गाडी शेडमध्ये होती, वर ताडपत्री. "तेवढंच तिच्या हातचं ऱ्हायलंय," असं एकदा किमयाला म्हणाले. रडले नाहीत. रडले असते तर आम्हालाच बरं वाटलं असतं.

या वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी दिग्विजयने मोठ्या फिरत्या ब्रशांचं मशीन आणलं. पाच मिनिटांत गाडी चकाचक. पण आत गाडी घालायला कुणी तयार होईना. जो तो तात्यांनाच विचारी, "तात्या, रंग खराब होतो का ह्यात?" पूर्वी यावर त्यांनी अर्धा तास ऐकवलं असतं. आता म्हणाले, "म्हाईत न्हाई."

"तात्या, तुमचीच गाडी पैली घाला," दिग्विजय म्हणाला. "लोकांचा तुमच्यावर विश्वास हाय."

"चालतंय," तात्या म्हणाले.

संध्याकाळी हे कळलं तेव्हा किमया मला म्हणाली, त्यांना थांबव. मी काय केलं? मोबाइलवर चार लेख वाचले आणि खाली जाऊन तात्यांना सांगितलं की ब्रश नवे आहेत, मऊ आहेत, रंगाला काही होत नाही. राहिलं स्वस्तिक, तर त्यावर प्लास्टिक ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारू, रंगारी मारतात तशी.

"ऱ्हाईल का?" त्यांनी विचारलं. वर्षभरात त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"शंभर टक्के," मी म्हणालो. हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

सकाळी गाडी आत लागली. पट्टी मीच मारली होती. पहिला ब्रश बॉनेटवर उतरला, पट्टीचं एक टोक उचललं गेलं आणि प्लास्टिक ब्रशाला गुंडाळून वर गेलं. मी "बंद करा!" म्हणून ओरडलो. दिग्विजयने बटण दाबेपर्यंत ब्रश पुढे जाऊन परत आला होता.

गाडी बाहेर आली ती नव्यासारखी. लोक गोळा झाले. एकाने बॉनेटवरून हात फिरवून सांगितलं की साधा ओरखडासुद्धा नाही.

"सांगा तात्या, रंगाला काय झालं का?" दिग्विजयने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

तात्यांनी बॉनेटकडे बघितलं. "रंगाला काय न्हाय झालं," म्हणाले, आणि फडकं घेऊन गाडी पुसायला लागले. दुपारपर्यंत मशीनची रांग रस्त्यावर आली होती.

दसऱ्याला किमया कुंकवाची वाटी घेऊन त्यांच्या दारात गेली. "नगं पोरी," एवढंच म्हणाले.

ओरखडे नंतर दिसले. दोन महिन्यांनी, मशीनमध्येच धुऊन घेतलेल्या माझ्या काळ्या गाडीवर तिरपं ऊन पडलं तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या. एका गाडीची तांबडी माती ब्रश दुसऱ्या गाडीवर घासत होता, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. लोक दिग्विजयशी भांडून पुन्हा तात्यांकडे यायला लागले. मला वाटलं, आता तरी तात्या मला चार शब्द सुनावतील. मी वाट बघत होतो. त्यांनी माझीही गाडी धुऊन दिली, काही न बोलता.

परवा सोमवारी ते अंगणात स्वतःची गाडी धूत होते. पाणी ओतलं, थांबले, मग हात लावला. बॉनेटच्या मधोमध तळहाताएवढी जागा सोडून फडकं फिरत होतं. त्या जागेवर आता नुसती ओली धूळ होती. एका बाजूला, आखूड पाय होता तिथे, फडकं जरा आत वळत होतं.

मला राहवलं नाही. "तात्या, तिथं आता काही नाहीये."

"व्हय," तात्या म्हणाले, आणि तेवढी जागा सोडून पुढे पुसत राहिले.