न धुतलेले हात

मला पंक्चर काढता येत नाही, पण काढणाऱ्याला बोलतं मात्र करता येतं. हॅमिल्टनबाहेरच्या खडीच्या रस्त्यावर माझ्या मदतीला थांबलेले म्हातारे माओरी सायकलस्वार असेच खुलले. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मारले गेले. देह सापडलाच नाही. त्यांना शोधायला हे तिथल्या शेतवाटांवर सायकलने हिंडले होते.

"टॅक्सी मिळाली नाही?" मी डिवचलं.

"टॅक्सी शेतात शिरत नाही, मेट." ते टायर चाचपत राहिले. "आमच्यात कबरस्तानातून बाहेर पडताना हात धुतात. पाण्याची बाटली सोबत होती. पण त्या शेतांमध्ये कबरस्तान कुठे संपतं, तेच कळेना."

"मग कुठे धुतलेत?"

"अजून नाही धुतले," म्हणत त्यांनी चाक फिरवून पाहिलं.