भुऱ्याची खाज आणि बाबांची पोळी

परवा मी इथे लिहिलं होतं की दुकानदाराने आमच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या खाद्यात भेसळ केली. ते चुकीचं होतं. त्यांची माफी मागते.

खाज कशाने होते ते कळावं म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी आठ आठवडे फक्त मासळीचं खाद्य सांगितलं होतं. तरी खाज थांबेना, म्हणून मी दुकानदारावर संशय घेतला. आज दुपारी मागच्या दारी बाबा त्याला चिकनच्या रश्शातली पोळी भरवताना दिसले.

"बाबा, याले दुसरं काही देता का म्हणून मी रोज विचारत होती ना तुम्हाले? तुम्ही नाही म्हणत होते."

"शेवटची पोळी कुत्र्याचीच असते, पोरी. त्याच्या हक्काची काऊन तोडू?"

शाळेच्या आधी मला घरी शिकवलं ते बाबांनीच. खरं बोलायलाही.

भुऱ्याने पोट खाजवून रक्त काढलंय. तुम्ही काय केलं असतं?

सोमवारी डॉक्टरांकडे बाबांनाही नेणार आहे. सगळं त्यांनीच सांगायचं.