पातळकाकांची चौथी काच

आमच्या ह्यांना प्रयोगशाळेत सगळे पातळकाका म्हणतात. नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नाही. काकडी कापायला बसले तर चकतीतून पेपर वाचता येईल इतकी बारीक कापतात आणि दोन काकड्यांत घरभर पाहुणे जेवू घालतात. एकतीस वर्षं ह्यांचं काम एकच. दगडाचा तुकडा काचेवर चिकटवायचा आणि केसाहून पातळ होईपर्यंत फिरत्या चाकावर घासायचा. मग दगडातून उजेड आरपार जातो आणि भूगर्भाच्या बाई सूक्ष्मदर्शकातून बघून सांगतात, जमिनीखाली काय घडलंय.

मला विचाराल तर दगड तो दगड. पण रोज ऐकून माझ्याही डोक्यात बरंच शिरलंय. जुन्या ज्वालामुखीच्या पोटात पाणी तापतं आणि खडकाच्या भेगांतून वर चढतं. वाटेत खडकातलं काही विरघळवून नेतं, काही मागे सोडतं. चांगला टणक खडक त्या पाण्यानं हिरवा पडतो, मऊ होतो, कुठे कुठे तर त्याची चक्क माती होते. पुढे पाणी निवलं की सोबत आणलेलं तांबं, सोनं त्या भेगांतच टाकून देतं. खडक कसा बदललाय हे बघून बाई ताडतात, धातू जवळ आहे की लांब.

यंदा दोन-तीन महिने एकही दगड आला नव्हता, आणि मग एका खोल बोअरचा अगदी तळाचा दगड आला. त्याच्या खाली ड्रिल मोडलं, बोअर ढासळला, म्हणजे तिथून दुसरा तुकडा मिळणं नाही. बाईंचं म्हणणं, तांबं ह्याच्या खालीच आहे. बोअर खणणाऱ्या कंपनीचं म्हणणं, पुरावा द्या नाहीतर गाशा गुंडाळा. दगड होता बोटभर, फार तर चार काचा होतील एवढा. "काका, हे तुमच्याच हातून होईल," म्हणून बाईंनी तो ह्यांच्या तळहातावर ठेवला. सोमवारी सकाळी काच हवी होती.

पहिली काच घासता घासता गायब झाली. म्हणजे काच राहिली, दगड गेला. "कुजका दगड आहे, पाण्यानं फुगतो," हे म्हणाले. दुसरी पाण्याऐवजी तेलावर घासली. तीही गेली. तिसऱ्या वेळी दगडाला रेझिन, म्हणजे डिंकासारखं चिकट द्रव्य, पाजून कडक केलं. तरी तेच! हे घरी आले आणि ताटाकडे नुसते बघत बसले.

"माती झिजली तर समजू शकतो गं. पण क्वार्ट्झ कसा जाईल? ती तर गारगोटी, त्यातली सगळ्यात टणक."

"मग थांबत का नाही वेळेवर?"

"थांबू कसा? खूण ठरलेली आहे. क्वार्ट्झचे दाणे पिवळे दिसले तर दगड अजून जाड आहे, घासायचं. करडे-पांढरे झाले की हात उचलायचा. ह्याचे दाणे करडे होतच नाहीत. पिवळे, पिवळे, पिवळे, आणि मग काहीच नाही."

माझं डोकं आधीच सदऱ्यांनी भंडावलं होतं. दोन महिने ह्यांची एकच तक्रार, सदरे पिवळट राहतात. साबण बदलला, उन्हात वाळवले. शेवटी चिडून इतकी नीळ घातली की शेजारीण म्हणाली, "निळे सदरे कधी घेतले?" आणि हे? "अजून पिवळटच आहे." असं वाटलं, सदरा ह्यांच्या डोक्यावर आपटावा.

शनिवारी सुट्टी असूनही हे सकाळीच प्रयोगशाळेत गेले आणि डबा घरीच विसरले. दुपारी मी डबा घेऊन गेले. खोलीभर रॉकेलचा वास, टेबलावर राखाडी चिखल, चाक गरगर फिरतंय, आणि हे हात मांडीवर ठेवून बसलेले. समोर सूक्ष्मदर्शकाखाली चौथी काच.

"अजून पिवळीच आहे," हे म्हणाले. "पण बोटांना वाटतंय, झाली. डोळा म्हणतो घास, बोट म्हणतं थांब. कुणाचं ऐकू? मला काही कळेनासं झालंय गं."

एकतीस वर्षांत ह्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. म्हटलं, "बघू मला."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"रंग कळतो. एकतीस वर्षं तुमचे कपडे धुतेय!"

डोळा लावला तर आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग दाणे दिसले. करडे, पांढरे, चुलीतल्या राखेसारखे.

"अहो, पिवळं कुठंय ह्यात?"

"सगळंच पिवळं आहे. नीट बघ."

"नीटच बघतेय! करडं आहे."

ह्यांनी बघितलं, पिवळं. मी बघितलं, करडं. पुन्हा हे, पुन्हा मी. दोघांपैकी एकाला वेड लागलंय एवढं नक्की होतं. तेवढ्यात माझं लक्ष ह्यांच्या अंगावर गेलं.

"अहो, हा सदरा कुठल्या रंगाचा आहे?"

"पिवळट. रोज तर सांगतोय."

"निळा आहे हो."

ह्यांनी बाही डोळ्यांजवळ नेली. मी ह्यांना हाताला धरून खिडकीशी नेलं. उजेडात बघितलं तर दोन्ही बाहुल्यांत तपकिरी गढूळपणा, मोतीबिंदूच. रोज समोर बसून जेवते मी, आणि मला दिसला नाही!

"म्हणजे त्या तिन्ही काचा झालेल्या होत्या," हे हळूच म्हणाले. "बरोबर झालेल्या होत्या. मीच पुसून टाकल्या."

बोलता बोलता सवयीनं हात पुन्हा काचेकडे गेला. मी मनगट धरलं. "थांबा."

"नक्की करडं आहे?"

"नक्की."

ह्यांनी चाक बंद केलं.

सोमवारी मीही बरोबर गेले. बाईंनी बराच वेळ काच बघितली, मग मान वर केली. डोळे नुसते चमकत होते. "काका, हिरवी खनिजं, तांब्याचे कण, सगळं जागच्या जागी आहे. अशी काच तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हसून मान डोलावली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

"घासली मी," हे म्हणाले. "थांबवली हिनं. मला आता रंग दिसत नाही, बाई."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी इतकी गडबडले की ह्यांचा डबा हातात तसाच घेऊन घरी आले.