मावशीचा जप्त विळा

त्या दुष्काळात मी शहराच्या कडेच्या डोंगरावर वनरक्षक होतो. दरवर्षी दिवाळीनंतर पायथ्याच्या वाडीला आम्ही गवत कापून न्यायची परवानगी द्यायचो. त्यांना चारा मिळायचा, आम्हाला वणव्याची धास्ती कमी. त्या साली वरून फर्मान आलं: हवामानासाठी डोंगरानं कार्बन साठवायचा आहे, काडीही कापू द्यायची नाही. तशी पाटी मीच रंगवली आणि घरोघर जाऊन वाचूनही दाखवली.

सगळ्यांनी ऐकलं, एक मावशी सोडून. तिची एकच म्हैस, आणि तिचंच दूध आमच्या घरी यायचं. मावशीनं ओढ्यापासून पायवाटेपर्यंत पट्टाच्या पट्टा साफ केला होता. मी तिला पकडलं. काय माझा रुबाब! विळा जप्त केला, पंचनामा केला.

"सायेब, ते कारबन म्हशीला चालत नाय का?"

हवेतला धूर गवतात कसा साठून राहतो, ते मी समजावलं.

"मंग म्हशीच्या पोटात ऱ्हाईल की. ती बी हितंच असती."

मी पंचनाम्यावर तिचा अंगठा घेतला आणि विळा घेऊन निघालो.

पुढं दूध निम्म्यावर आलं, मग बंदच झालं. मावशी म्हैस बाजारात न्यायला निघालीय, असं कानावर आलं. बायकोनं माझ्यापुढं कोरा चहा आदळला. "घ्या. दूध डोंगरावर साठवलंय."

फाल्गुनात पायथ्याच्या नव्या लॉनवर लग्न होतं. वरातीतलं एक रॉकेट थेट मी राखलेल्या गवतात उतरलं. अख्ख्या हिवाळ्याचा कार्बन पंगती उठायच्या आत धूर होऊन गेला. मी डहाळी घेऊन धावलो, पण आग कुठली ऐकतेय! थांबली ती मावशीनं साफ केलेल्या पट्ट्यावर. पलीकडचा अर्धा डोंगर वाचला.

दुसऱ्या दिवशी साहेब पट्टा बघून खूश झाले. "आग अडवायला जाळरेषा काढून ठेवलीस, शाब्बास!"

मान डोलवावी असं क्षणभर वाटलं, त्याची आजही लाज वाटते. "मी नाही काढली, साहेब. जिनं काढली, तिचा विळा माझ्या कपाटात आहे."

"मग तो तिथं काय करतोय?"

संध्याकाळी विळ्याला धार लावून मी वाडीवर गेलो. म्हैस दारातच होती, फासळ्या वर आलेली, पण होती. मला हायसं वाटलं.

मावशीनं विळा उलटासुलटा करून पाहिला.

"पुढच्या साली कुठून कुठवर चोरायचं, ते आधी आखून द्या, सायेब. उगं दोघांची पळापळ नको."