साबणाचा वास

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सात वर्षं झाली. सांगायला दोन मिनिटं पुरतील — तरी जमलं नाही.

अंधेरीच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचे हातपाय हलक्या हाताने दुमडायचे, सरळ करायचे, सांध्यांवर जरासा दाब द्यायचा — हाडं बळकट होतात, वजन वाढायला मदत होते. आईलाही ते शिकवायचं आणि बाळ तिच्या उघड्या छातीशी ठेवायचं. काम आहे ते. हळवं होऊन चालत नाही.

सुनंदा मढची कोळीण. बाळ आमच्याकडे काचेच्या पेटीत, आणि ही आठवड्यातच परत मासळी विकायला बसली. विकून झालं की होडीने वर्सोवा, तिथून रिक्षाने इथे. बोटं चरबरीत, पण बाळाला माझ्यापेक्षा छान हाताळायची. शेजारच्या बाळाची आई मात्र नाकाला रुमाल लावून बसे. एक दिवस ती म्हणाली, आता मोठ्या डॉक्टरांनाच सांगते. वाद कोण घालणार? मी सुनंदाला म्हटलं, तुझ्या वासाने बाळाला श्वास घ्यायला त्रास होतो, खोलीच्या काचेबाहेरून बघत जा.

हे खोटं होतं. पण खरं सांगायचंय ते पुढचं.

दुसऱ्या दिवशी ती मासळीला न शिवता आली. लिंबू आणि साबणाने घासून हात लाल झालेले. माझ्या नाकापुढे धरले. "बघा ना बाय, आता येतो का?"

मी वाकून वास घेतला. साबणाचा होता. नुसता साबणाचा. पण शेजारची आई आतून बघत होती —

"येतोय अजून," मी म्हटलं.

नऊ दिवस ती रोज काचेबाहेर उभी राहिली. व्यायाम मी नेमाने दिले. छातीशी घ्यायला कोणी नव्हतं. वजन चढेना. दहाव्या दिवशी आतड्याला संसर्ग झाला आणि बाळ गेलं. इतक्या लहान बाळांत होतं असं, डॉक्टर म्हणाले. होतंही. तिच्या छातीशी असतं तर वाचलं असतं? माहीत नाही. कधी कळणारही नाही.

सुनंदा रडली नाही. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "माज्या वासानंच झालं ना, बाय?"

तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. ना रुमालवाली, ना डॉक्टर. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हटलं, "सही करायची राहिलीय तुझी."

तिने पेन धरलं. हात अजून लाल होते.