भोंग्यावर लावलेलं गाणं

दादाचा फोन येऊन नऊ दिवस झाले होते. तो वर बर्फात ड्यूटीवर, तिथं रेंज नसते, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. दोन-तीन दिवसांचा खाडा नेहमीचाच, पण नऊ दिवस कधी झाले नव्हते. आई देवापुढं जास्त वेळ बसायला लागली. वैनी फोन कमरेला खोचूनच भाकरी थापायची. आणि मी भ्यालो की गाणी ऐकतो, तशी ऐकत होतो.

माझं ते वेड म्हणजे घरादाराच्या चेष्टेचा विषय. तालुक्याला, कडेगावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. कुणा पोरानं आपल्या खोलीत बसून गिटारवर केलेली, कुठल्याच वरातीत न वाजणारी गाणी मी शोधून काढतो. पिक्चरही तसलेच. एकात माणूस तासभर सायकल दुरुस्त करतो आणि शेवटी पंक्चर तसंच राहतं. मित्रांना दाखवला तर म्हणाले, "गड्या, ह्यात हाणामारी कवा हाय?" एकटी वैनीच असलं मन लावून बघायची. संध्याकाळी गच्चीवर लॅपटॉप, एक इयरफोन तिच्या कानात, एक माझ्या, शेजारी आई शेंगा फोडत बसलेली. सायकलवाला पिक्चर संपल्यावर वैनी म्हणाली होती, "त्याला दुरुस्त करायचीच नव्हती, भावजी. कोन तरी येईस्तवर वेळ काढायचा हुता." मी तो पाच वेळा बघितला होता आणि मला हे कळलं नव्हतं.

माझ्या गाण्यांतलं एक माझं नि वैनीचं खास. सुरुवातीला हळू गिटार आणि तिच्यावर एकटा ट्रम्पेट, चांगला पाऊण मिनिट. मग एक मुलगी गाते. त्या ट्रम्पेटवर माझा जीव. दादा सुट्टीवर आला तेव्हा त्यालाही मी ते बळंच ऐकवलं, त्याच्या फोनमध्ये भरून दिलं. तो नुसता "बरं हाय" म्हणाला. फौजेत राहून ह्याचे कान गेले, असं मी वैनीला म्हणालो.

आमच्या गावात घराआड एक जण फौजेत. पंचायतीच्या भोंग्यावर काही सांगायचं असलं की आधी गाणं लागतं, म्हणजे लोक कान देतात. नळाला पाणी येणार नसलं, लसवाल्या बाई येणार असल्या, तर भक्तिगीत. पण फौजी माणूस गेला, मग तो म्हातारपणी अंथरुणात का गेला असेना, तर रिटायर जवान बिगुल लावतात. बिगुल थांबला की नाव सांगतात. हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मलाही होतं.

दहाव्या दिवशी सकाळी पंचायतीचा शिपाई बोलवायला आला. भोंग्याचं मशीन बंद पडलं होतं. एक वायर सुटली होती, ती सोल्डर केली. "काय तरी लावून बघ की," तो म्हणाला. त्याच त्याच भक्तिगीताचा मला उबग आला होता. म्हटलं, आज गावाच्या कानावर काहीतरी चांगलं पडू दे. माझा फोन जोडला, आवाज पार वाढवला आणि आमचं गाणं लावलं. हौसेला मोल नाही म्हणतात. माझ्या हौसेला अक्कलही नव्हती.

भोंग्यातून खालचे सूर येत नाहीत. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. गिटार भोंग्यानं गिळली आणि गावावर गेला तो नुसता ट्रम्पेट, एकटा, संथ. मी आत डोळे मिटून मान हलवत होतो. शिपायानं खांदा धरून हलवलं तेव्हा डोळे उघडले. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "कोन गेलं रं?" त्यानं विचारलं.

मी खिडकीतून बघितलं. बाया उंबऱ्यावर आल्या होत्या, एकीचे हात पिठानं भरलेले. समोरचे रिटायर सुभेदार बनियनवरच रस्त्यात येऊन ताठ उभे होते. सगळे नावाची वाट बघत होते. मग एकेकाची मान आमच्या गल्लीकडं वळायला लागली, कारण ते नऊ दिवस गावालाही माहीत होते.

मी वायर उपटली, आणि ते आणखीच वाईट झालं, कारण बिगुल थांबला की नावच येतं. माईकवर दोन शब्द बोलावेत हे सुचलंच नाही. मी पळत सुटलो. वैनी ओळखेल, तिचंच गाणं आहे, असं स्वतःला सांगत होतो. आणि खरंच काही झालं असेल तर? मीच ते ओढवून आणलं असलं तर? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. त्या सकाळी होता.

आई अंगणात खाली बसली होती, शेजारणीनं तिला धरलं होतं. "आई, गाणं हाय ते. मी लावलं," मी म्हणालो. तिला ते समजायला वेळ लागला. मग तिनं चप्पल काढून माझ्या पाठीत हाणली आणि रडायला लागली.

घराचं दार आतून बंद होतं. आमच्या दाराला दिवसा कधी कडी लागत नाही. मी दार वाजवलं.

"वैनी, मी हाय. आपलं गाणं हाय ते. ओळखलं न्हाई का?"

"ओळखलं," आतून आवाज आला, अगदी थंड. "लगीच न्हाई, पन ओळखलं."

"मग उघडा की."

"न्हाई, भावजी. त्यांचा फोन आल्याबिगर मी दार उघडनार न्हाई. दारच उघडलं न्हाई तर मला सांगनार कोन?"

मी पंचायतीत परत जाऊन माईकवर माफी मागितली. सुभेदार ओरडले नाहीत. "तुझा भाऊ फौजेत हाय न्हवं?" एवढंच विचारलं आणि घरात गेले. मी येऊन पायरीवर बसलो. आई शेजारणीकडची भाकरी खिडकीतून देऊन बघत होती, वैनी घेत नव्हती. दिवस कलेपर्यंत मी तिथंच होतो, आणि गल्लीत गाडीचा आवाज आला की उठून उभा राहत होतो.

मग आत फोन वाजला. वैनीचं "हॅलो" ऐकू आलं आणि मग हुंदके. हुंदक्यांतच तिनं भोंग्याचं सांगितलं, मग कडी निघाली. तिनं माझ्याकडं न बघता फोन माझ्या हातात दिला.

"काय रं, गावात मला मारलंस म्हनं," दादा हसत होता. बर्फानं टॉवर पडला होता, बाकी काही नाही.

"चुकलो, दादा," मी म्हणालो.

"आसू दे रं. गाणं चांगलं हाय तुझं. मी रोज ऐकतो." तो आता हसत नव्हता. "सुरवातीचं तेवढं पाऊण मिनिट सोडून."